शेवंतीला दिलेला शब्द

शेवंती गेल्याचं विमलावहिनींना कळलं ते शेवंतीच्याच फोनवर, आणि सांगायची पाळी दशरथवर आली.

मंगळवार होता. सकाळचे दहा वाजले असतील. काजूपाड्याच्या भाड्याच्या खोलीत दशरथ कुकरच्या तिसऱ्या शिट्टीची वाट बघत बसला होता, आणि कपाटावरचा शेवंतीचा फोन वाजला. आठ महिन्यांत त्या फोनवर जाहिराती सोडून कुणाचा फोन आला नव्हता. नितेश दर खेपेला म्हणायचा, बाबा, बंद करा तो नंबर. दशरथ हो म्हणायचा आणि पुन्हा रिचार्ज मारायचा.

"शेवंती? अगं मी, विमलावहिनी. कालच आले बंगळुरूहून. ऐक, आमचा मुकुल घर विकायचं म्हणतोय. मी त्याला बजावलंय, आधी शेवंतीला विचारायचं, मग एजंटला. शब्द दिलाय मी तिला. तुमची तयारी आहे ना अजून?"

दशरथने उठून गॅस बंद केला. तिसरी शिट्टी झालीच नव्हती.

"हॅलो? शेवंती?"

"वहिनी, मी दशरथ. तिचा नवरा."

"हां, हां. तिला द्या ना जरा."

"ती वारली वहिनी. फाल्गुनात. पोटाचं निघालं. दोन महिन्यांत सगळं झालं."

 मग विमलावहिनी अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "मला कुणी कळवलंसुद्धा नाही हो."

"तुमचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं ना. तीच म्हणाली, वहिनींना सांगू नका, उगाच जीवाला लावून घेतील."

त्या रडल्या. दशरथ फोन कानाला लावून उभा राहिला. दुसऱ्याचं रडणं ऐकायची त्याला आता सवय झाली होती. काय बोलायचं ते मात्र अजून जमत नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "शब्द मी शेवंतीला दिला होता. रविवारी या तुम्ही. मुकुल आहे तेव्हा."

दिवसभर दशरथ त्या वाक्यापाशीच घोटाळत राहिला. शेवंतीला दिला होता म्हणून त्या आता पाळणार, की शेवंतीला दिला होता म्हणून तिच्याबरोबर तो संपला?

त्या घरात शेवंतीने अठ्ठावीस वर्षं चपात्या लाटल्या होत्या. बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या बाजूची जुनी चार मजली सोसायटी, तिसरा मजला, एक बेडरूम, हॉल आणि स्वयंपाकघर. दशरथ त्या घरात एकदाही गेला नव्हता. अंधेरीच्या एमआयडीसीत फिटर होता तोवर त्याला वेळ नव्हता. रिटायर झाल्यावर मात्र तो रोज अकराला तिला आणायला जायचा आणि गेटवरच्या बदामाखाली उभा राहायचा. वर जायचा नाही. चपातीवाल्या बाईच्या नवऱ्याने वर जाऊन काय करायचं?

पण ते घर त्याला पाठ होतं. काजूपाड्यापर्यंत चालताना शेवंती त्याला घर सांगायची. हॉलमधला पंखा दोनवर आवाज करतो, तीनवर करत नाही. मोरीचा नळ उलटा फिरतो. आणि ओट्यासमोरच्या खिडकीतून पार्कातला डोंगर दिसतो. डोंगराबद्दल ती सगळ्यात जास्त बोलायची. आज डोंगर धुक्यात होता. आज इतका हिरवा होता की बघवेना. दर माघात एक दिवस ती गेटबाहेर यायची ती हसतच, आणि म्हणायची, "अहो, सावर फुलली आज. सगळो उतार लाल." दशरथला तेव्हा गावच्या घरामागची सावर दिसायची. आपलं घर झालं तर हेच होईल, असं दोघांनी कधी बसून ठरवलं नव्हतं. रोज थोडं थोडं ठरत गेलं होतं.

परळची बापाची खोली बिल्डरने घेतली, तिचे पैसे दोघा भावांत वाटले गेले. भाऊने डोंबिवलीला घर घेतलं. दशरथचा वाटा चार वर्षं बँकेत पडून होता. नितेश म्हणाला, विरारला माझ्या शेजारी घ्या. शेवंती म्हणाली, थांबूया. वहिनींनी शब्द दिलाय.

रविवारी सकाळी सगळे काजूपाड्याला जमले. विरारहून नितेश, मुलुंडहून मुलगी जान्हवी, डोंबिवलीहून चौऱ्याहत्तर वर्षांचा भाऊ. खोलीत खुर्च्या दोनच. जान्हवी पलंगावर बसली आणि नितेश दाराला टेकून उभा राहिला.

"नीट ऐका सगळे," नितेश म्हणाला. "एजंट असता ना, तर एवढी कटकट नव्हती. तो इकडचं तिकडे किती सांगायचं ते बघतो. आता मध्ये कुणी नाही. म्हणून मी एकटा बोलणार. बाकी सगळे गप्प. सुरुवात अठ्ठ्याऐंशी. शेवट शहाण्णव. त्याच्या वर माझं कर्ज बसत नाही, मी बँकेत विचारून आलोय. आणि शहाण्णव हा आकडा खोलीच्या बाहेर जाता कामा नये."

"तुला घ्यायचंय तरी का मनापासून?" जान्हवीने विचारलं. "का भाव तुटावा म्हणूनच चाललायस?"

"जानू, डोकं नको खाऊ. कर्ज मी काढतोय. तू नाही."

"म्हणून विचारतेय. तुझं नाव लागलं की दोन वर्षांनी विकून मोकळा होशील. बाबांना मग विरारला नेशील, तुझ्या हॉलच्या सोफ्यावर."

"सोफा? दिशाने त्यांच्यासाठी बेडरूम रिकामी केलीय, आम्ही झोपतो हॉलमध्ये! बाबाच येत नाहीत, त्याला मी काय करू?"

"अरे गप रवा रे," भाऊ म्हणाला. "बायल घरात नाय म्हणान तुमी कायव बोलतास." त्याने पिशवीतून नारळ काढला, शेंडी नीट केली आणि दशरथकडे बघितलं. "गाऱ्हाणा घातल्याबिगर भाव सांगूचो नाय. बाबान परळची खोली घेतल्यान तेवापण घातलेला. आठवता मा?"

"आठवता," दशरथ म्हणाला.

"काका, मग इथेच घाला ना," नितेश म्हणाला. "त्यांच्याकडे कशाला तमाशा?"

"घर थंय आणि गाऱ्हाणा हय? देवाक पत्तो कसो कळतलो?"

जान्हवीला हसू आलं. नितेशलाही येत होतं, ते त्याने दाबलं. दोघांची आई असती तर म्हणाली असती, हसा, हसा, दात आहेत तोवर. दशरथला ते वाक्य ऐकूच आलं. त्याने चपला घातल्या.

गेटपाशी त्याचे पाय सवयीने बदामाखाली थांबले. बाकीचे पुढे गेले. जान्हवी मागे आली, त्याच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "चला बाबा. वर."

जिना चढताना तो पायऱ्या बघत होता. सहा-सहाचे दोन टप्पे एका मजल्याला. तिचे गुडघे दुखायचे आणि ती दुसऱ्या मजल्यावर टेकायची, असं तिने सांगितलं होतं. दुसऱ्या मजल्यावर तो टेकला. वरच्या टप्प्याकडे बघून नितेश म्हणाला, "इथेच बसायचो मी."

"कधी?"

"सहावीत. शाळा सुटली की किल्लीसाठी यायचो. आई आत असायची, मी ह्या पायरीवर."

दार विमलावहिनींनी उघडलं. काठीवर रेलून उभ्या होत्या. त्यांनी दशरथकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगदी सांगितलं होतं तसेच आहात." काय सांगितलं होतं ते त्याला विचारवलं नाही.

त्यांचा मुलगा मुकुल पन्नाशीचा, चष्म्याचा, सभ्य माणूस. त्याने खुर्च्या मांडल्या, पाणी आणलं, शेवंती गेल्याबद्दल दोन शब्द बोलला, आणि ते मनापासून वाटले. पंखा दोनवर होता, आवाज करत होता. दशरथ उठला आणि तीनवर करून आला. मुकुल चमकून बघत राहिला.

"हं, तर बोलूया आपण," मुकुल म्हणाला. नितेश खुर्चीत पुढे सरकला, तेवढ्यात भाऊने नारळ बाहेर काढला.

"वहिनीनू, तुमच्या देवासमोर नारळ ठेवलो तर चलात? आमच्यात पद्धत आसा."

"ठेवा की," विमलावहिनी म्हणाल्या. "शेवंती नेहमी सांगायची तुमच्या गाऱ्हाण्याबद्दल. मला ऐकायचंच होतं."

देव्हारा हॉलच्या कोपऱ्यातच होता. भाऊने नारळ ठेवला, टोपी सारखी केली, डोळे मिटले. आणि त्या म्हाताऱ्या छातीतून असा आवाज निघाला की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला.

"हे बा देवा रवळनाथा, बाराच्या पूर्वसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दशरथ, नितेश, जान्हवी एकदम म्हणाले. लहानपणापासून अंगात भिनलेलं. पुढचा म्हणाला की मागच्यांनी व्हय म्हणायचं.

"आज ही तुझी लेकरां बोरीवलेक, ह्या विमलावहिनीच्या घरात जमली आसत. कित्याक जमली? तर आमच्या दशरथाक ह्या घर होया आसा. माझी भावजय शेवंता, तिना ह्या घरात अठ्ठावीस वर्सां चपात्यो लाटल्यान. आज ता नाय. पण तिचो जीव हय अडकलो आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आता तुझ्यापासून काय लपवूचा? तुका सगळा ठावक आसा. आमी पयले अठ्ठ्याऐंशी लाख सांगतलव. ते आयकले नाय, तर शाण्णवापर्यंत जाऊची आमची तयारी आसा. त्याच्या वर आमचो हात पोचणा नाय. तर शाण्णवाच्या आत ह्या काम करून दी, आणि चार लोकांत आमची लाज राख, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

म्हणून झालं आणि मग कळलं. सगळ्यात आधी नितेशला. त्याचं तोंड उघडंच राहिलं. जान्हवीने ओढणी तोंडात कोंबली. भाऊ मात्र डोळे उघडून समाधानाने बसला. देवाचं काम झालं होतं.

मुकुलने चष्मा काढून पुसला. "मला मालवणी नीट येत नाही," तो म्हणाला, "पण आकडे समजले."

"भाऊकाका," नितेश म्हणाला, "वाट लावलीत. पार वाट लावलीत."

"मियां काय केलंय? देवाक खोटा सांगू?"

विमलावहिनी हसायला लागल्या. काठी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांचं हसणं कुठेतरी वळलं आणि त्या नुसत्या डोळे पुसत राहिल्या.

मुकुल हसला नाही. पण त्याचा सूर बदलला नाही, हेही खरं. "लपवालपवी नकोच, बरं झालं," तो म्हणाला. "मग मीही सरळ सांगतो. एका एजंटकडून माणूस आलाय. एक कोटी दोन म्हणतोय. आईने शब्द दिला होता हे मला मान्य आहे. पण तो शेवंतीबाईंना दिला होता, आणि आता त्या नाहीत. सहा लाखांचा फरक आहे. मीही नोकरदार माणूस आहे."

 दशरथला वाटलं, इथेच संपलं. आश्चर्य म्हणजे त्याला पैशाचं काही वाटलं नाही. एवढंच वाटलं की इतक्या जवळ येऊन आपण अजून स्वयंपाकघर पाहिलेलं नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "जरा आत बघू?"

"या ना. या."

त्या काठी टेकत पुढे झाल्या. स्वयंपाकघर लहान होतं, त्याने मनात बांधलं होतं त्याहून लहान. ओटा काळ्या कडाप्प्याचा. ओट्याखाली एक पाट उभा करून ठेवलेला. विमलावहिनींनी काठीने तो दाखवला.

"त्याच्यावर उभी राहायची ती. आमचा ओटा उंच पडायचा तिला."

हे तिने कधी सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं संसार केला, ती बुटकी आहे हे त्याला माहीत होतं; पण ओट्याला तिचा हात पुरत नसेल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याच्या खोलीतल्या ओट्याला पुरत होता का?

मग त्याने खिडकीकडे पाहिलं.

खिडकीत भिंत होती. पन्नास फुटांवर एक टॉवर उभा होता, खालपासून वरपर्यंत, खिडक्या, एसीचे डबे, वाळत घातलेले टॉवेल. डोंगर नव्हता. मान वाकडी करून बघितलं तरी नव्हता. हा टॉवर त्याने रस्त्यावरून शंभरदा पाहिला होता. तो नेमका ह्या खिडकीसमोर येतो, हे कधी जुळवलं नव्हतं.

"हा कधी झाला?"

 "सात वर्षं होतील," त्या म्हणाल्या. "तुम्ही रिटायर झालात त्याच्या आदल्या वर्षी."

"पण ती रोज..."

"माहिती आहे मला. मीच तिला म्हटलं, अगं, खोटं कशाला सांगतेस नवऱ्याला? तर म्हणाली, वहिनी, ह्यांना डोंगर लागतो. गावाहून आलेला माणूस, सगळा जन्म कारखान्यात गेला. मी त्यांना डोंगर सांगितला की गेटपासून घरापर्यंत खूश असतात. मी बंगळुरूला जायच्या आधीच्या माघातही सावर फुलली म्हणून सांगून आली ना तुम्हाला? मी हसले. तर मलाच म्हणते, फुललीच असेल की तिकडे. मला दिसत नाही म्हणून काय झालं?"

दशरथ ओट्याला हात टेकून उभा राहिला. इतके दिवस तो समजत होता की हे घर शेवंतीला हवं होतं. म्हणून तर तो इथे आला होता, तिचं राहिलेलं करायला. आता कळलं की ती त्याला हवंसं वाटावं म्हणून सांगत होती, आणि त्याच्या डोळ्यांत ते दिसलं की पुन्हा सांगत होती. दोघांपैकी नक्की कुणाला हवं होतं, हे विचारायला आता कुणी नव्हतं. आणि घर मात्र त्याला हवं होतं. काल होतं त्याहून जास्त. भिंतीसकट.

नितेश आणि जान्हवी मागे येऊन उभे होते. किती ऐकलं कुणास ठाऊक. नितेशने खिडकी पाहिली आणि हळूच म्हणाला, "बाबा, आई डोंगर दिसतो म्हणायची ना? इथे तर काहीच नाही. हे बोलता येईल आपल्याला. अंधार आहे, वारा नाही. चार लाख सहज सुटतील."

"नाय," दशरथ म्हणाला.

"अहो, पण..."

"त्या डोंगरावर भाव तोडूचो नाय. सांगून ठेवतंय."

तो पोरांशी मालवणीत फारसा बोलत नसे. 

"बघितलंस?" जान्हवी म्हणाली. "आईच्या ओट्यासमोर उभा राहून चार लाख मोजतोस."

"आईचा ओटा?" नितेशचा आवाज चढला. "आईचा नव्हता हा ओटा, जानू. ह्यांचा होता. तुला काय, तू तेव्हा चार वर्षांची. मी त्या पायरीवर बसलोय, तासन् तास. समोरच्या दारातली बाई विचारायची, कुणाचा रे तू? मग स्वतःच म्हणायची, हां, पोळीवालीचा. आता त्याच जिन्याने मी किल्ली घेऊन चढू? तुम्हाला सगळ्यांना ह्या घरात आई दिसते. मला ती पायरी दिसते."

 विमलावहिनींची मान खाली गेली. "आत का नाही बोलावलं मी तुला," त्या म्हणाल्या. "आज कळत नाही मला."

"जाऊ दे काकू. ते दिवस तसे होते," नितेश म्हणाला, पण त्याचा चेहरा तसं म्हणत नव्हता.

दशरथने मुलाकडे बघितलं. अडतीस वर्षांचा, केस विरळ झालेला. कर्जाचे कागद घेऊन बँकेत जाऊन आला, बायकोला हॉलमध्ये झोपवलं, आणि हे एवढं मनात ठेवून. "तुका नको तर नको," तो म्हणाला. "खाली उतरूया."

तेव्हा जान्हवीच म्हणाली, "नको बाबा, थांबा," आणि भावाकडे वळली. "दादा, मला हे माहीत नव्हतं रे."

ते हॉलमध्ये आले. मुकुल कुणाशी तरी फोनवर बोलत होता, तो ठेवून म्हणाला, "आणखी एक सांगायला हवं. इथली कमिटी जरा विचित्र आहे. नवीन कोण येतंय, काय करतात, सगळं विचारतात. तुमच्या बाबतीत कदाचित... म्हणजे शेवंतीबाईंना सगळे ओळखतात ना. मला त्यात काही वाटत नाही. पण त्रास तुम्हाला होईल, म्हणून सांगतो. दुसऱ्या माणसाला तो प्रश्न येणार नाही."

तो चांगल्या हेतूनेच बोलला असेल. पण नितेशच्या मानेची शीर ताठ झाली, ती दशरथला मागून दिसली. शेवंतीची अशीच व्हायची.

"काय विचारतील?" नितेश म्हणाला. "सांगा त्यांना. पोळीवाली शेवंती धुरी, तिचा नवरा राहायला येतोय. मुलगा येऊन-जाऊन असेल. आणि शहाण्णव नाही मुकुलसाहेब. अठ्ठ्याण्णव. देवाला सांगितलं त्याच्या वर दोन. ते दोन माझे."

"दादा, अरे कर्ज बसत नाही म्हणालास ना!" जान्हवी म्हणाली. सकाळी त्याच्या मनाबद्दल शंका घेणारी ती आता घाबरली होती.

"बाईक विकीन. तू गप्प बस."

"एक माझा घाल मग त्यात. गप्प बस काय? माझी पण आई होती."

"शाबास रे," भाऊ म्हणाला. "देवान आयकल्यान."

"देवाने नाही काका, तुम्हीच ऐकवलंत. सगळ्या बिल्डिंगला."

विमलावहिनी मुलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मुकुल, मी तिला म्हटलं होतं, तुला सांगितल्याशिवाय घर कुणाला दाखवणार नाही. तिला सांगायला फोन केला, तर ती नव्हती. त्या माणसाने उचलला. मला ह्याहून जास्त काही कळत नाही. तुझ्या बाबांनी मात्र चार लाखांसाठी शब्द सोडला नसता."

मुकुलने फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "ठीक. अठ्ठ्याण्णवला मी अडणार नाही. पण लेखी द्या. मध्ये एजंट नाही, म्हणजे सगळं आपल्यालाच कागदावर आणायला हवं. कोण घेतंय, किती, कधीपर्यंत. त्या दुसऱ्या माणसाला मी गुरुवारपर्यंत थांबवलंय. गुरुवारी सकाळी मी विमानाला निघतो. त्याआधी कागद हातात पडला तर घर तुमचं. नाही पडला तर दुपारी त्याला हो म्हणणार. मग माझ्यावर राग धरू नका."

"आत्ताच देतो," दशरथ म्हणाला.

कोरा कागद आला. दशरथचं अक्षर चांगलं होतं. कारखान्यात युनियनच्या नोटिसा तोच लिहायचा. त्याने चष्मा लावला आणि एका दमात लिहीत गेला. प्रति, श्रीमती विमला कर्णिक. आम्ही, खाली सह्या करणारे, दशरथ सीताराम धुरी व सौ. शेवंती दशरथ धुरी...

हात पुढे चालतच होता. जान्हवीचा श्वास अडकलेला त्याला ऐकू आला, तेव्हा तो थांबला. मग त्याने वाचलं.

प्रत्येक भाड्याच्या घराचा करार, दर अकरा महिन्यांनी, त्याने असाच लिहिला होता. सात घरं.

"काका," मुकुल हलकेच म्हणाला, "ते दुसरं नाव... तिथे नितेशचं यायला हवं. कर्ज त्याच्या नावावर आहे ना? बँक तेच मागेल."

"हो. हो, बरोबर."

"आणा बाबा, मी खोडते," जान्हवीने पेन घेतलं. दशरथने त्या ओळीवर पंजा पालथा ठेवला.

"खोडू नको."

"मग तसा चालायचा नाही तो कागद."

"माहिती आहे. पण खोडू नको."

नितेश त्याच्या खुर्चीशी उकिडवा बसला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या आवाजात घाई नव्हती. "राहू दे, बाबा. घरी जाऊन नवीन लिहा. अजून गुरुवार लांब आहे."

भाऊने नारळ तिथेच ठेवला. विमलावहिनींनी दारापर्यंत येऊन दशरथचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "नक्की आणून द्या हं. मुकुल थांबणार नाही." त्याने मान हलवली. त्यांनी तो पाट न्यायला सांगितला. तो म्हणाला, राहू दे तिथेच.

सोमवारी त्याने कागद आणले, रेघांचे, पाच. मंगळवारी दोन फुकट गेले. तिसऱ्यांदा अक्षर बरं आलं, पण हात पुन्हा त्याच ओळीपाशी आला आणि त्याने पेन ठेवून भात लावला. घर हवं होतं, त्यात काही शंका नव्हती. मुलाचं नाव लिहायलाही मन नको म्हणत नव्हतं. त्याच्याइतका हक्क कुणाचा? फक्त ती जागा आजवर दुसऱ्या कुणाला दिलेली नव्हती.

बुधवारी दुपारी त्याने दार लावून घेतलं आणि बसला. तारीख लिहिली. विमलावहिनींचं नाव, फ्लॅटचा नंबर, मजला, सगळं लिहिलं. 'आम्ही, दशरथ सीताराम धुरी व' इथपर्यंत आला, पुढे चार बोटं जागा सोडली, आणि खालचं सगळं पुरं केलं. अठ्ठ्याण्णव लाख, अंकी आणि अक्षरी. तीन महिन्यांत करार. खाली आपली सही केली.

सहाच्या सुमाराला नितेशचा फोन आला.

"बाबा, झालं लिहून? मी पहाटेची गाडी पकडतो, आठ वाजायच्या आत आपण दोघं जाऊन देऊन येऊ. मुकुल साडेआठला निघतोय."

"होत आलं," दशरथ म्हणाला.

"म्हणजे काय राहिलंय?"

दशरथने कागदाकडे बघितलं. 'व' नंतरचं नाव अजून लिहायचं होतं.